एका संगणकावर दोन परिचालन प्रणाली

(खडकवासला येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी झालेल्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजचा विषय नावाने तांत्रिक वाटला तरी तो आपल्या टेबलावरचाच आहे. आपल्या शाळांत व पंचायत कार्यालयांत जे वैयक्तिक संगणक आहेत, त्यांपैकी अनेकांवर विंडोज १० ही परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालत आलेली आहे. २०१५ च्या जुलैत ती बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सर्वसाधारण आधार संपला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. तो दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखा सुरू झाला. फरक पडला तो इतकाच की त्या प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे बुजविण्याचे नेहमीचे काम थांबले. २०२१ साली आलेली विंडोज ११ घ्यावी म्हटले तर ती टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था मागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा मागते. त्यापूर्वीची यंत्रे या चाळणीतून खाली पडतात. यंत्राचा पडदा चांगला, कळफलक चांगला, डिस्क चांगली. तरीही त्याचे निर्लेखन करावयाचे काय, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

माझे मत असे की बहुतेक ठिकाणी निर्लेखनाची घाई करू नये. त्याच यंत्रावर आधीच्या प्रणालीच्या शेजारी दुसरी प्रणाली बसविता येते. आधीची काढून का टाकू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आपली जुनी कामे तिच्यात अडकलेली असतात. एखादा हिशेबाचा कार्यक्रम, एखादा प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, यांना जुनीच प्रणाली लागते. ती कामे होईपर्यंत जुनी ठेवावी, शक्य तर आंतरजालाशी जोडल्याशिवाय वापरावी, आणि दैनंदिन पत्रव्यवहार, आंतरजालावरील कामे व मुलांचे शिक्षण नव्या प्रणालीवर न्यावे. युडायस प्लस किंवा ई-ग्रामस्वराज यांसारखी संकेतस्थळे न्याहाळकातून, म्हणजे ब्राउझरमधून चालतात. त्यांना खाली कोणती प्रणाली आहे याचे फारसे सोयरसुतक नसते.

एका यंत्रावर दोन प्रणाली ठेवणे ही काही अलीकडची क्लृप्ती नव्हे. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला. १९८३ साली त्याच कंपनीच्या एक्सटी यंत्रात दहा मेगाबाइटची डिस्क बसली, आणि त्याबरोबर डिस्कचे भाग पाडणारा एक छोटा तक्ता आला. त्या तक्त्यात चार रकाने होते, आणि वेगवेगळ्या प्रणालींनी एकाच डिस्कवर आपापला भाग घेऊन राहावे अशी त्यात सोयच होती. लिनक्सचा जन्मही असा शेजारातच झाला. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपल्या संगणकावर मिनिक्स नावाची प्रणाली वापरीत असता स्वतःची नवी प्रणाली लिहीत होता. एके दिवशी त्याने मोडेमऐवजी चुकून डिस्कलाच दूरध्वनी लावण्याची आज्ञा दिली आणि मिनिक्सचा भाग बिघडवून घेतला. थोरामोठ्यांच्या हातून जे होते ते आपल्या हातूनही होईल, हे धरूनच पुढचे सारे बोलणे करावयाचे आहे.

आपल्या देशातही या बाबतीत पुरेसा अनुभव जमा आहे. सी-डॅक या संस्थेने २००७ साली बॉस ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे, आणि शाळांसाठी तिची निराळी आवृत्तीही निघाली. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्तस्रोत प्रणालींचा स्वीकार करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. केरळने तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्तस्रोत प्रणालीवर उभे केले, आणि तेथील मुलांचे त्यावाचून काही अडल्याचे दिसत नाही. बॉस, डेबियन, उबुंटू, मिंट यांपैकी कोणती घ्यावी याचा वाद मी येथे घालीत नाही. आपल्या तालुक्यात ज्या प्रणालीचा जाणकार माणूस हाकेच्या अंतरावर असेल ती घ्यावी.

एक जलाशय, अनेक हक्कदार

आपण खडकवासल्याच्या जलाशयाकाठी बसलो आहोत, म्हणून डिस्कच्या विभागणीसाठी दूरचा दाखला शोधावयास नको. या धरणाची उपयुक्त साठवण सुमारे १.९७ टीएमसी आहे. वरच्या बाजूची पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे मिळून एकूण साठा २९ टीएमसीच्या घरात जातो. त्यातूनच पुणे शहराचे पिणे भागावयाचे आणि त्यातूनच कालव्यावाटे दौंड-इंदापूरपर्यंतची शेती भिजवावयाची. वाटप आधी ठरलेले नसले की उन्हाळ्यात काय होते हे आपणांस सांगावयास नको. डिस्कचेही तसेच आहे. जागा एकच, कोणाला किती, हे बसविण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे.

अडीचशे गिगाबाइटची डिस्क असेल तर नव्या प्रणालीला चाळीस ते पन्नास गिगाबाइट पुरतात. उबुंटूसारखी प्रणाली किमान पंचवीस मागते. पण किमान हा शब्द पुरवठादाराचा असतो, वापरणाऱ्याचा नव्हे. जुन्या प्रणालीच्या भागात निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर तिचा श्वास कोंडतो. राहिलेल्या जागेत शक्य तर एक तिसरा भाग करावा, ज्यात कार्यालयाचे दस्तऐवज राहतील आणि जो दोन्ही प्रणालींना वाचता येईल. हा भाग एनटीएफएस पद्धतीचा ठेवावा. लिनक्सची स्वतःची ईएक्सटी४ पद्धत विंडोजला आपणहून वाचता येत नाही. आणि जुन्या फॅट३२ पद्धतीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हे शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत ठेवताना हमखास कळून येते.

जुन्या प्रणालीचा भाग लहान करावयाचा तो त्या प्रणालीतूनच, तिच्या डिस्क व्यवस्थापन या सोयीने करावा. आपले सामान कोठे आहे हे तिला ठाऊक असते. काही वेळा डिस्क निम्म्याहून रिकामी असूनही ती फार आक्रसू देत नाही, कारण हलविता न येणाऱ्या काही फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. तेव्हा जबरदस्ती करू नये. जुन्या पद्धतीच्या तक्त्याची डिस्क असेल तर ते चार रकाने अगोदर मोजावेत. पुरवठादारांनी दिलेल्या यंत्रांत अनेकदा चारही भरलेले असतात आणि पाचव्यास जागा नसते. नव्या जीपीटी पद्धतीच्या तक्त्यात सर्वसाधारणपणे एकशे अठ्ठावीस भागांची सोय असते. तेथे ही अडचण येत नाही.

आधी प्रतिकृती, मग बांधकाम

या गावातील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे काम आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. १९१६ सालापासून चालत आलेल्या या संस्थेत धरणाचे सांडवे, नद्यांची पात्रे, बंदरांचे धक्के यांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारून त्यांतून पाणी सोडून पाहतात, आणि मगच प्रत्यक्ष बांधकामाविषयी सल्ला देतात. दुसऱ्या प्रणालीच्या बाबतीत अशी प्रतिकृती आपल्याला फुकट मिळते. पेनड्राइव्हवर नवी प्रणाली घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करावा. यास लाइव्ह सत्र म्हणतात. आपण होऊन आज्ञा देईपर्यंत ती डिस्कला हात लावीत नाही. या सत्रात निदान एक दिवस काम करून पाहावे. वायफाय लागते का, प्रिंटर कागद ओढतो का, प्रक्षेपकावर चित्र येते का, आवाज येतो का, हे येथेच कळते. प्रत्यक्ष बसविल्यावर प्रिंटर चालत नाही म्हणून हळहळण्यापेक्षा हे बरे.

मराठीची परीक्षाही याच वेळी घ्यावी, आणि ती “नमस्कार” एवढ्या शब्दावर थांबवू नये. “ऱ्हास”, “दऱ्या”, “सुऱ्या”, “ॲप”, “ज्ञान”, “बाळ” हे शब्द टंकून पाहावेत. दऱ्या आणि दर्या यांत मराठी माणसास जो भेद दिसतो तो यंत्राला दिसतो की नाही, हे पहिल्या ओळीतच समजते. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; जुन्या टंकात त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांची मात्र काहीच गैरसोय होत नाही. डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने ही रचना दोन्ही प्रणालींत तीच आहे. ऱ साठी शिफ्ट धरून र ची कळ दाबावयाची, हेही तेच.

खरी अडचण नव्या लिखाणाची नसून जुन्या दप्तराची आहे, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली बहुतेक कार्यालये श्रीलिपीसारख्या टंकांत मजकूर करीत. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतेच. तेथे रोमन अक्षरांचे अंक असतात आणि त्यांवर मराठी आकाराचा मुखवटा चढविलेला असतो. तो टंक जेथे नाही तेथे मुखवटा गळतो आणि ग्रामसभेचा ठराव रोमन अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो. नव्या प्रणालीवर गेल्यावर “फाइली बिघडल्या” अशी जी ओरड होते तिचे मूळ बहुधा हेच असते. फाइल बिघडलेली नसते. ती पहिल्यापासून मराठीत नव्हतीच. गंमत अशी की श्रीलिपी ज्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, तिनेच घडविलेले लोहित या नावाचे युनिकोड टंक पुढे लिनक्समधून जगभर गेले. रोग आणि औषध दोन्ही आपल्याच जिल्ह्यातले!

यावर उपाय म्हणजे जुनी प्रणाली हाताशी आहे तोवरच असे दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे. रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, परंतु जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत ते चुकतात. म्हणून मालमत्ता आकारणी, वारसनोंद, दाखले असे कागद मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून मान्य करू नयेत. मूळ फाइल आणि तिची छापील किंवा पीडीएफ प्रत जपून ठेवावी. खडकवासला हे गाव २०२१ च्या जूनमध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्या वेळी आणखी बावीस गावे गेली. गाव असे एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जाते तेव्हा दप्तरही जाते, आणि ते घेणाऱ्याच्या यंत्रावर आपलाच टंक असेल असे धरून चालता येत नाही. उद्या ज्याचे गाव हद्दीत जावयाचे आहे त्याने हे आजच ध्यानात घ्यावे.

बसविण्याच्या दिवशी

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पहिली गोष्ट प्रत काढण्याची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतून पाणी फिरले. ज्यांच्या घरातील सारे कागद एकाच कपाटात होते त्यांचे सारेच गेले. म्हणून दस्तऐवजांची प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवून समाधान मानू नये. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत मी प्रत समजत नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. काही यंत्रांत बिटलॉकर नावाची व्यवस्था डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवते, आणि पुष्कळदा वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. सुरुवातीच्या क्रमात फेरफार दिसला की ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते. किल्ली नसेल तर आतला मजकूर मिळत नाही. तेथे ओळखपाळख चालत नाही आणि वरिष्ठांचे पत्रही चालत नाही. म्हणून ती व्यवस्था चालू आहे का हे अगोदर पाहून किल्ली कागदावर उतरून कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात द्यावी. भाग आक्रसण्यापूर्वी कुलूप काढलेले बरे. त्याचप्रमाणे विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी. ती चालू असता संगणक बंद केल्यासारखा दिसतो, पण आतली प्रणाली पूर्ण थांबलेली नसते. अर्धवट झोपेत असते. अशा वेळी दुसऱ्या प्रणालीने तिच्या भागात काही लिहिले तर फाइलींना धक्का बसतो. लिनक्स बहुधा अशा भागात लिहिण्याचे नाकारते, आणि मग “सामायिक भाग चालत नाही” अशी तक्रार येते.

दोन्ही प्रणाली नव्यानेच बसवावयाच्या असतील तर आधी विंडोज व मागून लिनक्स हा क्रम ठेवावा. विंडोज शेजाऱ्याची विचारपूस करीत नाही; लिनक्स करते. संगणक सुरू होताना प्रथम त्याच्या पाटीवरील यूईएफआय ही आज्ञावली जागी होते. ती डिस्कवरील एका छोट्या खास भागातून आरंभक उचलते. लिनक्सच्या आरंभकाचे नाव ग्रब. कालव्याच्या मुखाशी दार चालविणारा कर्मचारी असावा तसा हा आहे. तो पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे दाखवितो, काही सेकंद वाट पाहतो, आणि आपण निवडाल तिकडे प्रवाह सोडतो. यादीत विंडोजचे नाव आले नाही तर ती पुसली गेली असे समजू नये. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याचे काम तो सांगितल्याशिवाय करीत नाही. त्याच्या मांडणीत एक ओळ बदलली की नाव दिसू लागते. जुनी प्रणाली यूईएफआय पद्धतीने बसली असेल तर नवीही त्याच पद्धतीने बसवावी. एक जुन्या व एक नव्या पद्धतीने बसली की ग्रबला दुसरीचे दार उघडता येत नाही.

बसविण्याचा कार्यक्रम मध्येच एक प्रश्न विचारतो: शेजारी बसवू की सर्व डिस्क पुसून बसवू? हा प्रश्न येईल तेव्हा चहा बाजूला ठेवावा. ज्यांच्या फाइली गेल्या त्यांच्यापैकी पुष्कळांच्या त्या याच एका कळीने गेल्या आहेत. शक्य असल्यास पडद्यावरील विभागणीचा तक्ता दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपल्या कागदावरील आकड्यांशी जुळवावा.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत एक गमतीचा प्रकार होतो. संगणकाचे घड्याळ साडेपाच तासांनी चुकते. यंत्राच्या पाटीवर एक घड्याळ असते. त्यात भारतीय वेळ आहे असे विंडोज समजते. जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स समजते. आपली वेळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने नेमका तेवढाच फरक पडतो. आंतरजालाची जोडणी असली तर थोड्या वेळाने घड्याळ आपोआप जुळते. जोडणी नसली तर सकाळी अकराला केलेले पत्र पहाटे साडेपाचचे होते, आणि हजेरी किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या कामात हे गंमत म्हणून सोडता येत नाही. पाटीवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे लिनक्सला एका आज्ञेने सांगता येते. ती आज्ञा बसविणाऱ्याकडून त्याच दिवशी देऊन घ्यावी.

पुढेही अधूनमधून कुरबुरी होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर दोन प्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. जुन्या आरंभकांना बंदी घालताना शेजाऱ्याचाही आरंभक बंदीत सापडला. दोन्हीकडील दुरुस्त्या वेळच्या वेळी घेणे आणि बसविलेला पेनड्राइव्ह पुसून न टाकता कपाटात ठेवणे, एवढी तयारी असली की असा प्रसंग अर्ध्या तासात निस्तरता येतो.

कोणत्या यंत्रावर हे करू नये, तेही सांगितले पाहिजे. ज्या कार्यालयात एकच संगणक आहे आणि त्यावरून रोज दाखले द्यावे लागतात तेथे हा प्रयोग चालू आठवड्यात करू नये; सुटीत करावा, किंवा दुसरे यंत्र आल्यावर करावा. स्वाक्षरीच्या टोकनाचा संच लिनक्ससाठी मिळतो का हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. जे यंत्र हमीच्या मुदतीत किंवा देखभालीच्या करारात आहे त्यास करारातील अटी पाहिल्याशिवाय हात लावू नये. संगणक सरकारी मालमत्ता आहे. बदलापूर्वी मुख्याध्यापक किंवा कार्यालयप्रमुख यांची लेखी संमती असावी, आणि कोणती प्रणाली, कोणत्या तारखेस, डिस्कचे कोणते भाग, परवलीचा शब्द कोणाच्या ताब्यात, हे जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या यंत्राच्या नोंदीसमोर लिहून ठेवावे. बसविणाऱ्याची बदली होते. यंत्र तेथेच राहते, आणि नवीन आलेल्या माणसास परवलीच्या शब्दासाठी चार गावे फिरावी लागतात.

ज्यांनी आपल्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, डिस्कची जागा व तक्त्याची पद्धत लिहून आणली आहे, त्यांचे कागद आता माझ्याकडे द्यावेत. दुपारी आपण त्यांतील दोन यंत्रांची विभागणी फळ्यावर मांडून पाहू. पेनड्राइव्हला हात लावावयाचा तो त्यानंतर.